वंशावळ हवी, तर वसुलीचे कागद वाचा

लंडनच्या ईस्ट एंडचा नट डॅनी डायर ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत पबचा मालक रंगवायचा. 2016 मध्ये तो बीबीसीच्या वंशशोधाच्या कार्यक्रमात गेला आणि थेट राजा तिसऱ्या एडवर्डचा वंशज निघाला. कुठे कामगार वस्तीतला हा गडी आणि कुठे चौदाव्या शतकातला राजा, म्हणून लोकांना गंमत वाटली. मला मात्र सवयीने एकच प्रश्न पडला: कागद काय आहेत?

सवय नोकरीची. तलाठी म्हणून लागलो, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. खातेदार मयत झाला की वारसांचा अर्ज, जबाब, गावात चौकशी, गाव नमुना सहा-कला नोंद आणि मग फेरफार, यातच हयात गेली. मुलगी लंडनजवळ असते. तिच्याकडे गेलो की मी क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचक-कार्ड फुकट मिळते. पेन बाहेर ठेवायचे, आत फक्त शिसपेन्सिल. मूळ दस्त चर्मपत्रावर आणि लॅटिनमध्ये, त्यामुळे माझी सगळी भिस्त त्यांच्या छापील इंग्रजी गोषवाऱ्यांवर. पण तेवढ्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. मध्ययुगीन सरदार घराण्यांनी स्वतःबद्दल लिहवून घेतलेल्या वंशावळी आधी बाजूला ठेवाव्यात आणि त्यांच्याकडून पैसा वसूल करणाऱ्याने काय लिहिले ते बघावे.

राजाकडून थेट जमीन धारण करणारा सरदार वारला की ‘एस्चीटर’ नावाचा सरकारी अधिकारी त्याची जमीन असलेल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जायचा, तिथल्याच माणसांना पंच म्हणून बोलवायचा आणि शपथेवर विचारायचा: मयत कधी वारला, कोणती जमीन कोणत्या अटीवर होती, तिचे वर्षाचे उत्पन्न किती, जवळचा वारस कोण आणि त्याचे वय काय? तेराव्या शतकात, तिसऱ्या हेन्रीच्या काळात ही मृत्यूपश्चात चौकशी सुरू झाली आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. त्यातली चार प्रकरणे वाचली तेव्हा मला परके असे काहीच वाटले नाही. खाली तलाठ्याची सही तेवढी नव्हती.

वारसाच्या वयात राजाला एवढा रस असायचा, कारण वारस अज्ञान असला तर जमिनीचे उत्पन्न राजाकडे, आणि त्या पोराचे लग्न कोणाशी लावायचे हा हक्कही राजाकडे. हा हक्क चक्क विकला जाई. मार्चचा तिसरा अर्ल एडमंड मॉर्टिमर 1381 मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा रॉजर जेमतेम सात वर्षांचा होता. रॉजरच्या लग्नाचा हक्क केंटच्या अर्लने 6,000 मार्कांना, म्हणजे 4,000 पौंडांना घेतला आणि पोराला स्वतःच्याच मुलीशी बोहल्यावर चढवले. एवढी रक्कम गुंतलेली असताना वारस कोण आणि केवढा, हे कोणी अंदाजपंचे ठरवू देत नाही.

हा वारस पुढे सज्ञान झाला की वयाचा पुरावा द्यावा लागे. पुरुषाला वय वर्षे 21; स्त्रीला 16, लग्न झालेले असेल तर 14. जन्मनोंदणी नव्हती, म्हणून पुन्हा पंच. एक सांगायचा, बाप्तिस्म्याच्या दिवशी मी घोड्यावरून पडलो आणि पाय मोडला. दुसरा म्हणायचा, त्याच आठवड्यात माझी बायको गेली. वाचताना अंगावर काटा येतो. मग कळते की त्याच आठवणी, त्याच क्रमाने, दुसऱ्याच वारसाच्या प्रकरणातही आहेत. अभ्यासकांना याचे आश्चर्य वाटले असेल, मला वाटले नाही. ठरावीक मजकुराचे जबाब मीही पुष्कळ पाहिलेत. तरीही या नोंदींना किंमत आहे, कारण ज्याच्या ताब्यात वारसाची जमीन असे त्या पालकालाही सुनावणीची नोटीस जायची. वारस सज्ञान ठरला की ज्याचे उत्पन्न बंद होणार, तोच समोर उभा. हरकत घेणारा हजर असताना टिकलेली नोंद आणि घरच्या घरी लिहिलेली वंशावळ यांची बरोबरी होत नाही.

घरच्या वंशावळींचे काय होते ते फील्डिंग घराण्यात दिसते. डेन्बीचे अर्ल असलेले हे घराणे आपण युरोपातल्या हॅब्सबर्ग सम्राटांच्या कुळातले, असे सांगे. कादंबरीकार हेन्री फील्डिंग याच घराण्यातला. गिबनसारख्या इतिहासकारानेही हे कूळ खरे मानून आपल्या आत्मचरित्रात गौरवले. जे. होरेस राउंड या खवट पण पक्क्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यामागचे जुने दस्त तपासले आणि ते बनावट असल्याचे दाखवून दिले. सम्राटांशी जोडणारी कडी सतराव्या शतकात घडवलेली होती. त्या काळात तशी हौस सर्रास होती. 1530 ते 1688 या काळात राजाचे हेरल्ड काउंटी-काउंटीत फिरून घराण्यांच्या वंशावळी नोंदवत. पण माहिती देणारे घरचेच, आणि फी भरणारेही घरचेच. गेल्या दोन-तीन पिढ्यांपुरते ते बरेचदा बरोबर असत. त्याआधीचे मात्र ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही मी म्हणत नाही. एकाच मयताची चौकशी चार काउंटींत झाली तर वारसाची चार वये सापडतात. हुशार सरदार हयातीतच जमीन विश्वासू माणसांच्या नावे करून ठेवत. मग पंच सांगत की मयताच्या नावे काहीच नाही. आपल्याकडच्या बेनामीची ही थोरली बहीण. पण सगळ्यांत मोठी उणीव वेगळी आहे. थोरला मुलगा असला की चौकशीचे काम तिथेच संपे. धाकटे भाऊ आणि बहिणी यांचे नावही येत नसे. मुलगा नसेल तेव्हाच सगळ्या मुली समान वाटेकरी म्हणून नवऱ्यांच्या नावांसकट कागदावर येत. पूर्वी सात-बाऱ्यावर बहिणींना ‘इतर हक्कात’ ढकललेले मी पाहिले आहे, लेकींना समान वाटा देणाऱ्या 2005 च्या कायद्यानंतरही हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जाताना पाहिले आहे. जमिनीचा कागद बाईला गरजेपुरतेच ओळखतो, मग तो साताऱ्याचा असो की श्रॉपशरचा.

आणि नेमक्या बायकांवरच या वंशावळी उभ्या आहेत. डायरचा धागा राजमंत्री थॉमस क्रॉमवेलचा मुलगा ग्रेगरी आणि त्याची बायको एलिझाबेथ सीमोर यांच्यातून वर जातो. एडवर्डचा मुलगा लायनेल, त्याची मुलगी फिलिपा. तिची मुलगी एलिझाबेथ मॉर्टिमर, म्हणजे वर लग्नाचा हक्क विकला गेला त्या रॉजरची बहीण. तिची मुलगी एलिझाबेथ पर्सी, तिची मेरी क्लिफर्ड, मेरीचा मुलगा हेन्री वेंटवर्थ, त्याची मुलगी मार्जरी आणि मार्जरीची मुलगी ही एलिझाबेथ सीमोर. लायनेलनंतरच्या सात जणांत पुरुष एकच. जवळजवळ दर पायरीला आडनाव बदलते, म्हणून जवळजवळ दर पायरीला शोध नव्याने करावा लागतो. एलिझाबेथ मॉर्टिमर ही हॉटस्पर या नावाने गाजलेल्या पर्सी सरदाराची बायको. शेक्सपिअरने नाटकात तिला केट करून टाकले. राजाच्या नातीच्या मुलीचे नावसुद्धा नाटककाराला बदलण्याजोगे वाटले, इथे बाकीच्यांची काय कथा!

2012 मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला तेव्हा बायकांच्या या साखळीची ताकद जगाने पाहिली. त्याची बहीण ॲन, तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी, असे फक्त लेकींच्या वाटेने येऊन संशोधक आजच्या वंशजांपर्यंत पोचले आणि आईकडून येणारा डीएनए जुळला. बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए मात्र बोफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या आजच्या वंशजांशी जुळला नाही, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. कागदावर दोन्ही शाखा तिसऱ्या एडवर्डच्याच. म्हणजे मधल्या कुठल्या तरी पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. यावरून कोणी कागदांना खोटे म्हणू नये. राजाच्या पंचांना रक्त तपासायचे नव्हते. जमीन कोणाकडे जाणार एवढेच ठरवायचे होते, आणि ते त्यांनी ठरवले. वंशावळ हा वारशाचा पुरावा आहे, रक्ताचा दाखला नाही. तिच्यावरून जे रक्ताचा अभिमान मिरवतात, ते कागदाला न झेपणारे काम सांगतात.

तसाही हा अभिमान हिशोबात बसत नाही. आई-बाप दोन, आजे-आज्या चार, असे मोजत वीस पिढ्या मागे गेलो की पूर्वजांच्या जागा 10,48,576 होतात. तिसऱ्या एडवर्डच्या शेवटच्या काळात साऱ्या इंग्लंडची वस्ती पंचवीस-तीस लाखांच्या आसपास. अर्थात तीच माणसे या जागांवर पुन्हा पुन्हा येतात, आणि मूळच्या इंग्रज कुटुंबातल्या बहुतेकांच्या पूर्वजांत कुठे ना कुठे राजाही येतो. डायरचे वेगळेपण राजा पूर्वज असण्यात नाही, तिथपर्यंतची प्रत्येक पायरी कागदाने दाखवता येण्यात आहे.

म्हणून वर्गणी भरून तयार वंशावळ विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याला प्रत्येक पिढीसाठी एकच प्रश्न विचारावा: ही नोंद कोणी लिहिली, आणि ती खोटी निघाली असती तर नुकसान कोणाचे झाले असते? उत्तर आले नाही तर ती जागा कोरी ठेवावी. फेरफार नामंजूर करणे हेही अधिकाऱ्याचे कामच असते. आणि शोधाची सुरुवात आडनावापासून करूच नये, आजीच्या माहेरच्या नावापासून करावी. आडनाव काय, आपोआप चालत येते. शोधावे लागते ते माहेर, आणि वंशावळ तुटते तीही बहुतेक तिथेच.