त्या उशिरा आल्या नव्हत्या

अमेरिकेत अर्थशास्त्राकडे स्त्रिया उशिरा वळल्या, म्हणून मानकऱ्यांत त्या तुरळक, असे सर्रास म्हटले जाते. दाखला नोबेलचा दिला जातो. १९६९ पासून अर्थशास्त्राचे नोबेल तिघींनाच मिळाले: एलिनॉर ऑस्ट्रॉम, एस्थर डुफ्लो आणि क्लॉडिया गोल्डिन. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा.

‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’चा पहिला अंक मार्च १९११ चा. त्यातला पहिलाच लेख वेलस्ली कॉलेजच्या कॅथरीन कोमन यांचा आहे. विषय, पश्चिमेकडच्या राज्यांतल्या पाटपाण्याचे न सुटलेले प्रश्न. पाण्यावर हक्क कोणाचा, हे भांडण आपल्या ऊसपट्ट्याला नवे नाही. शंभर वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच नियतकालिकात ऑस्ट्रॉम यांनी त्या लेखाचा नव्याने परामर्श घेतला.

म्हणजे स्त्रिया होत्याच. त्यांना जागा नव्हती.

सेडी अलेक्झांडर यांनी १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएचडी घेतली. अर्थशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकी. पदवीला साजेशी नोकरी मिळेना, तेव्हा कायदा शिकून त्या वकील झाल्या. इतर अनेकींची रवानगी गृहअर्थशास्त्राच्या विभागात झाली. होम सायन्स म्हणजे मुलींचा सोपा विषय, ही समजूत आपल्याकडेही आहेच. पण याच क्षेत्रातल्या मार्गारेट रीड यांनी १९३४ च्या ग्रंथात एक रोखठोक कसोटी मांडली: घरचे जे काम पैसे देऊन तिऱ्हाइताकडून करून घेता येते, ते उत्पादनच. खानावळीतली भाकरी राष्ट्रीय उत्पन्नात धरायची आणि त्याच हातांनी घरी थापलेली सोडून द्यायची, या हिशेबातली खोट त्या कसोटीवर लगेच उघडी पडते.

मिल्टन फ्रीडमन यांना १९७६ चे नोबेल एकट्याला मिळाले. गौरवात उपभोगाचे विश्लेषण होते आणि चलनाचा इतिहासही. उपभोगावरच्या १९५७ च्या ग्रंथात रीड, डोरोथी ब्रेडी आणि पत्नी रोझ यांचे ऋण फ्रीडमन यांनी स्वतःच मान्य केले आहे. चलनाच्या इतिहासाचा १९६३ चा ग्रंथ तर ॲना श्वार्ट्झ यांच्यासोबत लिहिलेला. मुखपृष्ठावर दोघांचीही नावे आहेत. १९४१ पासून संशोधन संस्थेत राबणाऱ्या श्वार्ट्झ यांना कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी मिळाली ती १९६४ मध्ये, ग्रंथ निघाल्यानंतर.

अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन १८८५ ची. तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, ॲलिस रिव्हलिन, आली १९८६ मध्ये. हार्वर्डच्या अर्थशास्त्र विभागात कायमपद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री गोल्डिन, तेही १९९० मध्ये.

आपल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना एक विनंती. चलनाचा इतिहास शिकवताना फ्रीडमन यांच्या शेजारी श्वार्ट्झ हे नावही फळ्यावर लिहा.