गळ्यातील बटण आणि विक्रीची रीत

घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या गळ्यात एक छोटे पेंडंट असते. पाय घसरून पडल्यास त्यावरील बटण दाबायचे. घरातील टेलिफोनला जोडलेल्या यंत्राला त्याचा संदेश मिळतो, यंत्र आपोआप नियंत्रण केंद्राला फोन लावते आणि तेथील कर्मचारी त्या यंत्रातूनच वृद्धाशी बोलून शेजाऱ्यास, मुलास अथवा रुग्णवाहिकेस बोलावतो. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीत विल्हेल्म हॉर्मान यांनी अशी व्यवस्था उभी केली. अमेरिकेत मानसशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू डिबनर यांनी १९७४ साली ‘लाइफलाइन’ ही कंपनी स्थापन केली. पासष्टी ओलांडलेल्या दर चार अमेरिकी नागरिकांपैकी किमान एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, असे तेथील सरकारी आरोग्य यंत्रणा सांगते. म्हणजे गरज खरी आहे आणि वस्तूही उपयुक्त आहे. तरीही या वस्तूच्या विक्रीचा इतिहास प्रत्येक व्यापारी कुटुंबाने जाणून घ्यावा असा आहे.

या व्यवसायात खरे उत्पन्न यंत्राच्या किमतीत नसते, ते मासिक शुल्कात असते. महिन्याला ३५ डॉलर धरले, तर वर्षाला ४२० आणि पाच वर्षांत २,१०० डॉलर होतात. म्हणूनच यंत्र ‘मोफत’ देणे विक्रेत्यास परवडते. एकदा ग्राहक जोडला गेला, की रक्कम त्याच्या कार्डावरून अथवा बँक खात्यातून दरमहा आपोआप वळती होते. खातेउतारा बारकाईने न वाचणाऱ्या वृद्धाच्या ती लक्षातही येत नाही.

अशा ग्राहकाला जोडण्याचे दोन मार्ग अमेरिकेत रूढ झाले. पहिला भीतीचा. १९८९ च्या सुमारास दूरचित्रवाणीवर एक जाहिरात गाजली. जमिनीवर पडलेली वृद्धा ‘मी पडले आहे, मला उठता येत नाही’ असे पेंडंटमधून सांगते. हे वाक्य देशभर तोंडी झाले. पण विनोद म्हणून. विक्रेत्यांना प्रसिद्धी लाभली आणि त्याच वेळी ते पेंडंट असहायतेची खूण ठरले. जी वस्तू गळ्यात घालताच चारचौघांत हसे होते, ती स्वाभिमानी माणूस कशाला घालील?

दुसरा मार्ग फसवणुकीचा. २०१२ पासून अमेरिकेतील असंख्य वृद्धांना ध्वनिमुद्रित आवाजाचे फोन येऊ लागले. ‘आपल्या नातेवाइकाने अथवा स्नेह्याने आपल्यासाठी हे यंत्र आधीच विकत घेतले आहे, आपल्याला काहीच द्यावयाचे नाही,’ असे सांगण्यात येई. नामांकित आरोग्य संस्थांची शिफारस असल्याचाही दावा होई. प्रत्यक्षात कोणी काहीही विकत घेतलेले नसे. होकार देणाऱ्याकडून कार्डाचा क्रमांक घेऊन दरमहा ३४.९५ डॉलर आकारले जात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लोरिडा राज्याच्या महाधिवक्त्यांसह जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. त्याच वर्षी तडजोडीचा आदेश झाला. त्यात सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची जबाबदारी निश्चित झाली आणि संबंधितांवर असे ध्वनिमुद्रित फोन करण्यास कायमची बंदी आली.

भीती दाखवून वा फसवून विकलेली वस्तू घरात येते. पण ती वापरली जाते काय? इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींचा वर्षभर पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील साठ टक्के व्यक्ती त्या वर्षात पडल्या. पडलेल्यांपैकी तीस टक्के किमान एकदा तासभर वा त्याहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्या. मदतीची बटणे त्यांच्यापैकी अनेकांकडे होती. तरीही दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगी ती वापरली गेली नाहीत. पेंडंट खुंटीवर असणे, ते दाबता न येणे, दुसऱ्यास त्रास देण्याचा संकोच वाटणे, स्वतःच उठण्याचा हट्ट असणे, अशी कारणे यामागे असू शकतात. त्यांपैकी एकावरही मोठ्या जाहिरातीचा उपाय चालत नाही. विक्रेत्याने वा मुलाने शेजारी बसून, शांतपणे समजावून, दोन वेळा बटण दाबून दाखवले तरच तो संकोच कमी होतो.

आता मोबाइल व मनगटी घड्याळेही पडणे ओळखू लागली आहेत आणि आपल्याकडील शहरांतही अशा सेवा विकल्या जाऊ लागल्या आहेत. मुले पुण्यामुंबईत वा परदेशी आणि आईवडील गावच्या घरी, अशी स्थिती अनेक कुटुंबांत आहे. दूर असलेल्या मुलाची चिंता ही विक्रेत्यासाठी सर्वांत सोपी बाजारपेठ असते. त्यामुळे खरेदीपूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. यंत्राची किंमत किती व मासिक शुल्क किती? सेवा बंद करण्याची पद्धत कोणती आणि शिल्लक रक्कम परत मिळते काय? रात्री फोन कोण घेतो व तो मराठीत बोलतो काय? वीज गेली तर यंत्र किती वेळ चालते? ते ओल्या न्हाणीघरात चालते काय? रक्कम खात्यातून आपोआप वळती होणार असेल, तर ती मान्यता रद्द कशी करायची?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र विक्रेत्याला विचारायचा नसतो. ‘हे घालायला आवडेल का?’ असे आईलाच विचारावे. तिने नकार दिल्यास न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री मंद दिवा आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी शेजारच्या घरून एक हाक, एवढी व्यवस्थाही मोलाची असते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावेत.

ज्या पेढीला अशी वस्तू विकायची असेल, तिने शुल्क पहिल्याच भेटीत सांगावे आणि महिनाभरात वस्तू परत घेण्याची तयारी ठेवावी. वृद्ध ग्राहक हिशोबात चुकला, तरी पेढीने चुकू नये.