पडक्या घरात मराठीच का बोलते?

पडक्या वाड्यात शिरून त्याचा भूतकाळ कल्पिणे हा मराठी ललितगद्याचा जुना छंद. दिंडीदरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, माजघरातली कुजबुज : सामग्री ठरलेली. आमचा आक्षेप कल्पनेवर नाही, तिच्या आळसावर आहे.

सोलापूरचेच पाहा. १८७७मध्ये येथे 'जुनी गिरणी' उभी राहिली. माग आणि गिरण्यांच्या आधाराने तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर येथे स्थिरावले. शहराच्या पूर्व भागात घर आणि माग एकाच छपराखाली नांदले. अशा एखाद्या ओसाड घरात जमिनीत चौकोनी खड्डा दिसला, की आमच्या ललितलेखकाला गुप्तधन आठवते. तो खड्डामागाचा असू शकेल, हे त्याच्या मनातही येत नाही. विणकर काठावर बसून आत पाय सोडी आणि पावड्या दाबी. तेथे पुरलेले असतात ते श्रम.

आणि कुजबुज ऐकायचीच, तर ती मराठीतच का? या गावात चूल तेलुगूत, कन्नडात, उर्दूतही पेटते. लेखकाला मात्र प्रत्येक भिंत मराठी बोलताना, तेही पुणेरी वळणाने, ऐकू येते. याला आम्ही स्मरण म्हणत नाही, अतिक्रमण म्हणतो.

घर ओस का पडले? गिरणी बंद पडली म्हणून, की वाटणीचा दावा लांबला म्हणून? शेजारच्या ओट्यावर हे विचारता येते. विचारावे, मग खुशाल कल्पना करावी. 'पडका वाडा' हा निबंधविषय वर्षानुवर्षे देत आलेल्या आम्हा शिक्षकांनी यापुढे निदान एवढी अट घालावी.