‘काळजी करूं नकोस’

स्तनांत गांठ हाताला लागते. डॉक्टर जाड सुईनें तींतील बारीक तुकडे काढून तपासणीस पाठवितात आणि “आठ दिवसांनीं या” असें सांगतात. बायॉप्सी म्हणतात ती हीच. त्या दिवसापासून घरांतील प्रत्येक माणूस त्या बाईला एकच वाक्य ऐकवूं लागतो: “काळजी करूं नकोस.” सासूबाई म्हणतात, यजमान म्हणतात, शेजारच्या काकूही दारांतून डोकावून तेंच म्हणून जातात. आमचें म्हणणें असें कीं, हें वाक्य धीर देणारें नसून तोंड बंद करणारें आहे, आणि सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्या कुटुंबांनीं तें आतां टाकून द्यावें.

हें वाक्य उच्चारणाराचें मन क्षणभर हलकें होतें, यांत संशय नाहीं. परंतु जिला तें ऐकावें लागतें, तिला उत्तरादाखल हंसावें लागतें. म्हणजे भीतीचें ओझें होतेंच, त्यावर भीति लपविण्याचें ओझें चढलें! दिवसभर ती पोळ्या लाटते, मुलांचे डबे भरते, कचेरीचें काम उरकते. आणि सारें घर निजलें म्हणजे तिचा हात आपोआप त्या पट्टीकडे जातो. त्या वेळीं तिला विचारणारें कोणी जागें नसतें.

प्रकरण एवढ्यावर थांबत नाहीं. पुष्कळ घरांत तपासणीचा अहवाल यजमान आणतात, दीर वाचतात, आणि बाईला त्यांतलें किती सांगावें याची मसलत दाराआड चालते. कारण विचारावें तर “तिचें मन हळवें आहे.” जिनें सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यांत रात्री जागून काढल्या, तिचें मन स्वतःच्या शरीराची वार्ता ऐकण्यापुरतें मात्र एकाएकीं हळवें कसें होतें, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलें नाहीं.

हा दोष केवळ आपलाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकापर्यंत अशी रूढि होती कीं, गांठ असलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर गुंगी द्यावी, तुकडा काढून गोठवून तेथल्या तेथें तपासावा, आणि कर्करोग ठरल्यास त्याच बैठकींत संपूर्ण स्तन काढून टाकावा. संमतीची सही आधींच घेतलेली असे. बिचारीला काय झालें तें शुद्धीवर आल्यानंतर छाती चांचपून कळे! १९७४ सालीं रोझ कुशनर या पत्रकार बाईंना स्वतःच्या स्तनांत गांठ आढळली, तेव्हां त्यांनीं हट्ट धरला कीं, तपासणी आधीं होऊं द्या, शस्त्रक्रियेचा विचार मी मागून करीन. एकामागून एक शल्यवैद्यांनीं त्यांना नकार दिला. त्यांनीं हट्ट सोडला नाहीं. पुढें १९७९ सालीं तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तज्ज्ञांची परिषद भरविली, तिच्या मंडळांत याच बाई होत्या. आणि तपासणी व शस्त्रक्रिया हे दोन टप्पे निराळे ठेवावे, अशी शिफारस त्या परिषदेनें केली. तेव्हां ज्या आठ दिवसांना आपण निव्वळ छळ समजतों, ते स्त्रीला आपल्या शरीराविषयीं जाणून घेऊन मग निर्णय करतां यावा म्हणून भांडून मिळविलेले आहेत. ते तिच्या हातून काढून घेण्याचा अधिकार घरच्या मायाळू माणसांनाही नाहीं.

मग या दिवसांत तिला काय सांगावें? खरें तें सांगावें. काढलेले तुकडे आधीं कित्येक तास फॉर्मॅलिनमध्यें ठेवावे लागतात. मग ते मेणांत बसवून त्यांचे मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांइतके पातळ काप करतात, रंगवितात, आणि पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो. शंका राहिल्यास किंवा अधिक माहिती हवी असल्यास निराळ्या रंगद्रव्यांनीं पुन्हां तपासणी होते व आणखी दिवस लागतात. म्हणून उशीर झाला म्हणजे वाईटच निघालें, हा तर्क खोटा आहे. सुई टोंचल्यानें रोग पसरतो, ही समजूतही निराधार आहे. स्तनांतील बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, हेंही सांगावें. मात्र त्याचें वचन करूं नये. वचन देणें आपल्या हातीं नाहीं.

कोणी म्हणेल, इतकें सांगितल्यानें भीति वाढणार नाहीं काय? एखादीची वाढेलही. एखादीला तपशील नकोसाही वाटेल. तिच्यावर तो लादूं नये. पण नको म्हणण्याचा हक्कही तिचाच आहे, आणि तो बजावण्यासाठीं तिला आधीं विचारलें तर पाहिजे! न विचारतांच तिच्या वतीनें ठरवून टाकणें, एवढ्यालाच आमचा विरोध आहे.

दवाखान्यांतून निघण्यापूर्वींच अहवाल कोणत्या दिवशीं मिळेल, तो कोण सांगणार आणि समक्ष कीं फोनवर, हें तिनें विचारून घ्यावें. मनांतले प्रश्न कागदावर उतरवावे. त्या दिवशीं बरोबर एक माणूस न्यावें. घाबरल्या मनाला अर्धें ऐकूं येत नाहीं, तें त्या माणसानें टिपून ठेवावें. घरच्यांनीं ती सांगेल तीं कामें उचलावीं, सगळींच हिसकावून घेऊं नयेत. रिकाम्या हातांचा दिवस फार लांबतो. मध्यरात्रीं मोबाईलवर रोगाचीं वर्णनें वाचीत बसणें तिनें टाळावें, आणि झोंप अगदींच उडाली तर डॉक्टरांना तसें नि:संकोच सांगावें. आणि अहवाल पाकिटांतून येवो कीं मोबाईलवर, तो प्रथम तिनें पाहावा. दुसऱ्या कोणी आधीं वाचावा असें तिलाच वाटत असेल, तर गोष्ट निराळी.

राहिलें तें वाक्य. त्याच्या जागीं आम्हीं दुसरें सुचवितों: “काळजी वाटणारच. काय वाटतें तें सांग, मी बसलों आहें.” आणि एवढें बोलून झाल्यावर खरोखरच बसावें.