ट्रिगर म्हणजे नुसती हाक

"ट्रिगर दिला, फोटो आला, फाइलवर वेळही आहे. अजून काय पाहिजे?" आमच्या टेंभुर्णीत गच्चीवर दुर्बीण लावणाऱ्या पोरांनी परवा मला ऐकवलं. मंडळी, मला हे अजिबात मान्य नाही!

ट्रिगर म्हणजे हाक. हाक मारली म्हणून दार उघडलं असं होत नाही. यांत्रिक शटरची पाती उघडायला काही मिलिसेकंद जातात. फाइलवरची वेळ तर बहुधा संगणकाने आपल्या सवडीने टाकलेली.

समजा, लघुग्रह एखादा तारा झाकतोय. त्याची सावली जमिनीवरून सेकंदाला वीसेक किलोमीटर पळतेय. एक कॅमेरा टेंभुर्णीत, दुसरा जाफराबादला. दोन घड्याळांत अर्ध्या सेकंदाची तफावत पडली, की लघुग्रहाची कड दहा किलोमीटर सरकली. फोटो मात्र दोन्ही सुंदर!

हे नवं खूळ नव्हे. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी लॉकियर विजयदुर्गला आला, तेव्हा खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. त्यासाठी त्याने नौदलाच्या खलाशांकडून आधी तालमी करून घेतल्या.

आज तेवढे कष्टही नाहीत. कित्येक वैज्ञानिक कॅमेरे एक्स्पोजर चालू असेपर्यंत एका तारेवर सिग्नल देतात. जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्यासोबत तो नोंदवा. यांत्रिक शटर असेल तर त्याचा उशीर एकदा मोजून ठेवा.

वेळ हाकेची नको, दार उघडल्याची लिहा. नाहीतर सरळ म्हणा, आम्ही फोटो काढतो, मोजमाप नाही. त्यातही वाईट काही नाही.

असो.