उघडायला दोन दिवस, जुळवायला?

तुमच्या गावाकडच्या घरी, गोठ्याशेजारी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एखादी जुनी जीप उभी आहे का? टायर बसलेले, सीटच्या स्पंजात उंदरांचा संसार, बॉनेटवर कोंबड्या. सुट्टीत घरी गेलात की तिच्याभोवती एक चक्कर होतेच आणि मनात येतं, ‘यार, हिला रिस्टोअर करूया!’ मग मोबाइलवर व्हिडिओ बघणं सुरू होतं. साखळीला लटकलेली बॉडी, खाली उघडी पडलेली फ्रेम, मागे जोरदार म्युझिक. वीस सेकंदांत बॉडी वर! आपल्याला वाटतं, एवढंच तर आहे.

एवढंच नसतं, हे मी अनुभवाने सांगतोय. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एका मित्राच्या आजोबांची जीप अशीच खोलायला घेतली. दोन दिवसांत बॉडी खाली उतरवली. गंजलेले बोल्ट गॅस कटरने उडवले, वायरी पकडीने कापल्या, सगळे नट-बोल्ट एकाच गोणीत भरले. फोटो काढले, पण सगळे आमचेच. मग परीक्षा आल्या, त्यामागून नोकऱ्या. आजोबा दर दिवाळीला विचारायचे, ‘काय रे पोरांनो, गाडी कधी उभी राहणार?’ पहिल्या दोन दिवाळ्यांना आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे त्यांच्यासमोर जायचंच टाळू लागलो. आज आजोबा नाहीत. गाडी अजूनही तुकड्यांत आहे.

त्या चुकीतून जे कळलं, ते तुम्हाला आधी कळावं, म्हणून हा विषय.

पहिला प्रश्न: तुमच्या गाडीला वेगळी फ्रेम आहे का? पूर्वी बहुतेक गाड्या दोन भागांत असायच्या. खाली लोखंडी शिडीसारखी चासी, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल. आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस तर गिऱ्हाइकाला नुसती चासीच द्यायची. बॉडी दुसऱ्या कारागिराकडून हवी तशी बांधून घ्यायची. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गाड्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत, त्याचं हे एक कारण. पण अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी घरी असेल, तर थांबा. त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे, वेगळी काढण्यासारखी फ्रेम खाली नाही. जीपचं तसं नाही. १९४७पासून मुंबईत महिंद्राने जोडायला घेतलेल्या विलीज जीपपासून आजच्या थार आणि बोलेरोपर्यंत शिडीची ही चाल टिकून आहे.

आता बॉडी आणि फ्रेम फक्त बोल्टने जोडलेल्या असतात, असं समजू नका. जुन्या जीपमध्ये स्टीअरिंगचा दांडा फ्लोअरमधून खाली फ्रेमवरच्या बॉक्सकडे जातो. क्लच-ब्रेकची पेडलं आणि गिअरचे दांडे खालूनच वर येतात. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. शिवाय वायरी, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी, रेडिएटरचे पाइप. यातलं एक जरी सोडायचं राहिलं आणि तुम्ही चेन पुली ओढलीत, तर बॉडी वर येणार नाही, वाकेल. आणि बॅटरी व टाकी सगळ्यात आधी बाहेर. रिकामी टाकी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. आत राहिलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने भडकते. टाकी जवळ असताना वेल्डिंग किंवा कटर चालवायचाच नाही.

बोल्ट गंजलेले असणारच. चांगला मिस्त्री आठवडाभर आधीपासून त्यांच्यावर रोज थोडं गंज सोडवणारं तेल सोडतो. पाना लावला की थोडा ढिला, थोडा घट्ट, पुन्हा ढिला, असं करत बोल्ट काढतो. आम्हाला आठवडा थांबायचं नव्हतं, म्हणून कटर आणला. त्या कटरने बोल्टबरोबर बोल्ट बसण्याच्या जागाही खाल्ल्या.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बॉडी आणि फ्रेममधल्या पट्ट्या. कुठे रबर, कुठे पत्र्याचे पातळ तुकडे. बघताना कचरा वाटतो. पण कारखान्यात किंवा पुढे एखाद्या मिस्त्रीने बॉडी समतल बसावी म्हणून ते मोजून घातलेले असतात. दारांच्या गाडीत ही जाडी चुकली की दार लागत नाही. कुठल्या बोल्टखाली किती पट्ट्या होत्या, हे लिहून ठेवलं नाही तर ते नंतर कोणीही सांगू शकत नाही. गाडीला दारं असतील, तर उचलण्याआधी दारांच्या मोकळ्या जागेत तिरके अँगल टाकून बॉडी बांधून घ्यावी लागते. खालचा पत्रा सडलेला असेल तर ती हवेत गेल्यावर मधेच दबते. आणि बॉडी लटकलेली असताना खाली कोणीही जायचं नाही. साखळीवर कितीही विश्वास असला तरी नाही.

एक कायद्याची गोष्टही कानावर असू द्या. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. म्हणजे हौसेने फ्रेम कापून लांब केलीत, तर ती गाडी भारी दिसेल, पण व्हिंटेज राहणार नाही. फ्रेमवर कोरलेला चासी नंबर तर जिवापाड जपा. गंज काढण्याच्या नादात ग्राइंडरने तो घासला गेला, की कागदावरची गाडी आणि दारातली गाडी एकच आहे हे सिद्ध करायला तुम्ही चकरा मारत बसाल.

तुम्ही म्हणाल, एवढ्या भीती घातल्यावर कोण हात लावणार? उलट, हात लावाच. चार वर्षं इंजिनीअरिंग करून एकही बोल्ट न उघडलेले पदवीधर आपल्याकडे कमी नाहीत. आणि हे काम फक्त मेकॅनिकलवाल्यांचंही नाही. मला एवढंच म्हणायचंय, की खोलणं हे शिकणं नव्हे. पुन्हा जुळेल अशा पद्धतीने खोलणं, हे शिकणं. त्यासाठी अक्कल लागते त्याहून जास्त शिस्त लागते. प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो. प्रत्येक जागेच्या नट-बोल्टची वेगळी पिशवी. पिशवीवर मार्करने लिहू नका, तेलाच्या हाताने पुसलं जातं. चिठ्ठी लिहून आत टाका. वायर सोडण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. आणि पहिला बोल्ट सोडण्याआधी स्वतःला विचारा: पुढच्या वर्षभरात माझ्याकडे किती रविवार आहेत, पैसे किती आहेत आणि सुटे भाग ठेवायला कोरडी जागा आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर गाडी आहे तशी झाकून ठेवा. शेडमधली अख्खी गाडी दहा वर्षांनीही रिस्टोअर होऊ शकते. गोणीतली होत नाही.

आणखी एक. पाना उचलण्याआधी आजोबांसाठी गाडीजवळ खुर्ची टाका. फ्लोअरवरचं ते ठिगळ कधी मारलं, डावीकडचा बोल्ट वेगळा का आहे, कुठल्या पावसाळ्यात इंजिनात पाणी गेलं, हे कुठल्याच व्हिडिओत मिळणार नाही. वही घ्या आणि लिहून काढा. आम्ही ते विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.