चंचल मुलांना टॉनिक द्यावे का?

मूल वर्गात एका जागी बसत नाही, पेन्सिल रोज हरवून येते, अर्धे वाक्य ऐकूनच पळते. शाळेतून तक्रार आली की त्याला धपाटा तरी मिळतो, नाहीतर घरात ‘बुद्धिवर्धक’ टॉनिकची बाटली तरी येते. दोन्ही उपायांनी मूळ अडचण तशीच राहते.

तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या जाणकारांना एकत्र आणले. तेथे औषधांचा गुण पडताळून नोंदी ठेवल्या जात. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. टॉनिक घेण्यापूर्वी आई-वडिलांनीही हाच प्रश्न विचारावा: याचा गुण कुणी पडताळला आहे का?

पडताळणी काय सांगते?

माशाच्या तेलातील ओमेगा-३ चा बराच बोलबाला आहे. पण कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात, पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत अशा स्निग्धाम्लांमुळे फरक आढळला नाही. साखरेने मुले चंचल होतात, हा समजही १९९५ च्या एका मोठ्या आढाव्यात टिकला नाही. खाण्याचे कृत्रिम रंग मात्र काही मुलांना बाधू शकतात. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील २००७ च्या अभ्यासानंतर युरोपात २०१० पासून सहा रंगांबाबत वेष्टनावर इशारा छापावा लागतो. भडक रंगाची मिठाई आणि सरबते कमी केली, तर तोटा काहीच नाही.

लोहाकडे लक्ष द्या

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेले मूल लवकर थकते, चिडते, त्याचे लक्ष लागत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्यावे. कमतरता असेल तरच, सांगितलेल्या मात्रेत लोहाचे औषध द्यावे. ते जास्त पोटात गेल्यास लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून बाटली कुलपात ठेवा.

रोजच्या जेवणात नाचणी, डाळी, शेवग्याचा पाला असावा. वर लिंबू पिळले की लोह चांगले शोषले जाते. कुंभकोणमची फिल्टर कॉफी कितीही प्रसिद्ध असली तरी मुलांच्या जेवणाबरोबर चहा-कॉफी नको.

निदान कसे होते?

अवधानाची अडचण बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी असावी लागते. झोप, दृष्टी आणि श्रवण यांचीही तपासणी हवी. तंजावरसारख्या गावातही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथील बालरोग किंवा मानसरोग विभागात मुलाला न्यायला संकोच कसला? सहा वर्षांखालील मुलांसाठी आई-वडिलांना वागणुकीचे प्रशिक्षण, हा पहिला उपचार मानतात. मोठ्या मुलांना गरजेनुसार औषधे दिली जातात.

घरी एक वही ठेवा. झोप, खाणे आणि अभ्यासाला बसलेली मिनिटे रोज लिहा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाचा ते कळेल. मूल घेत असलेले प्रत्येक चूर्ण आणि टॉनिक डॉक्टरांना सांगा. चालू औषध मात्र टॉनिकच्या भरवशावर परस्पर बंद करू नका.